तकदीर आणि आपला निष्काळजीपणा

९ जानेवारी २०२१ ची पहाट भंडारा शहरातील कोणीही सहज विसरणार नाही. शनिवार होता, कडाक्याची थंडी होती. कोरोनामुळे आठ महिने बंद राहिलेल्या मशिदी उघडून दोन महिनेही झाले नव्हते. तोंडावर मास्क लावून, अंतर राखून आम्ही फजरच्या नमाजला उभे होतो. सलाम फिरवल्यानंतर नेहमीप्रमाणे कोणी लगेच उठले नाही. बातमी सर्वांच्या कानावर आलेली होती. रात्री दीड-दोनच्या सुमारास जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली होती. दिवस उजाडता उजाडता आकडे स्पष्ट झाले. कक्षात सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली.

कोणाचे वजन कमी भरलेले, कोणाला जन्मतःच श्वास नीट घेता येत नसलेला, अशी ती बालके. त्यांना ऊब मिळावी, श्वास मिळावा म्हणून गावखेड्यांतून आलेल्या आईबापांनी आपली लेकरे तेथे सोपवली होती. आई आत जाऊ शकत नव्हती, ती बाहेर होती. आत काय घडते आहे हे तिला दिसत नव्हते. तिला फक्त विश्वास ठेवायचा होता, आणि तो तिने ठेवला होता.

त्या पहाटे मशिदीत एक बुजुर्ग हळूच म्हणाले, “अल्लाह की मर्जी.” सर्वांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्यांच्या मनात कोणतीही वाईट भावना नव्हती, दुःखात मोमिनाच्या तोंडून जे निघते तेच निघाले होते. परंतु घरी परतताना ते वाक्य माझ्या मनात अडकून राहिले. हेच वाक्य त्या आईने उच्चारले तर तो सब्र आहे, इबादत आहे. पण ज्याच्यावर त्या कक्षाच्या विजेच्या तारा तपासण्याची जबाबदारी होती, त्याने हेच वाक्य उच्चारले तर? आणि ज्यांचे या घटनेत काही गेले नाही अशा तुम्ही-आम्ही ते उच्चारून चहा प्यायला निघून गेलो तर? शब्द तेच, पण तिघांच्या तोंडी त्यांचा अर्थ एकच राहतो का?

सांत्वन कोणाचे?

तकदीरवर श्रद्धा हा ईमानचा भाग आहे, त्याविषयी मुसलमानाच्या मनात संदेह असू शकत नाही. सूरह अल्-हदीदमध्ये अल्लाहने सांगितले आहे की पृथ्वीवर किंवा माणसाच्या जीवावर येणारे प्रत्येक संकट ते घडण्यापूर्वीच नोंदलेले असते. मात्र ही गोष्ट माणसाला का सांगितली, तेही लगेच पुढच्या आयतीत स्पष्ट केले आहे. जे हातून गेले त्यासाठी माणसाने खचून जाऊ नये आणि जे मिळाले त्यावर गर्वाने फुगू नये, हा त्याचा उद्देश. म्हणजे तकदीरचे ज्ञान आपल्याला दिले गेले ते हृदय सावरण्यासाठी. हात झटकण्यासाठी ते दिलेले नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा पुत्र इब्राहीम दूधपित्या वयात वारला. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ घेतले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. डोळे रडतात, हृदय दुःखी होते, पण जिभेवर तेच येईल ज्याने आपला पालनकर्ता राजी असेल, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. हा दुःखी पित्याचा आदर्श आहे. भंडाऱ्याच्या त्या दहा घरांना याच आदर्शाचा आधार होता आणि आहे.

परंतु हे सांत्वन ज्याचे त्याने घ्यायचे असते. ज्याचे मूल गेले तो “अल्लाहची मर्जी” म्हणून स्वतःच्या दुःखाला आवर घालतो. ज्याच्या हयगयीमुळे मूल गेले तो तेच म्हणून स्वतःच्या अपराधाला आवरण घालतो. पहिला अल्लाहसमोर झुकतो आहे, दुसरा अल्लाहच्या आड लपतो आहे.

मदीनेतील एक जळालेले घर

आगीसंबंधी एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. आदरणीय अबू मूसा अश्अरी (रजि.) यांच्या कथनानुसार मदीनेत एका रात्री एक घर आतील माणसांसह जळाले. ही बातमी प्रेषितांना (स.) सांगण्यात आली. तकदीरचा अर्थ त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? तरीही या प्रसंगी त्यांनी दिलेली शिकवण पाहा. आग तुमची शत्रू आहे, म्हणून झोपताना ती विझवत जा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या एका हदीसमध्ये याचे कारणही आले आहे. उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि त्यातून घरच्या माणसांसह घर पेटू शकते.

या हदीसवर थोडे थांबून विचार करावा. एक दुर्घटना घडली, बातमी आली, आणि त्या बातमीचा शेवट एका नियमात झाला. आग कशी लागते, कोठून पसरते आणि रात्री झोपण्यापूर्वी माणसाने काय करावे, हे सांगितले गेले. प्रेषितांनी (स.) उंदीर आणि वात यांच्यापर्यंत जाऊन कारण शोधले. कारणाचा शोध घेणे हे श्रद्धेच्या विरुद्ध असते, तर ही शिकवण आपल्यापर्यंत पोहोचलीच नसती. आपल्या काळातील वात म्हणजे भिंतीतील जुनी तार, आणि आपल्या काळातील उंदीर म्हणजे ‘पाहू पुढच्या महिन्यात’ ही आपली सवय.

एकाच घटनेची दोन कारणे

येथे काही वाचक प्रामाणिकपणे एक आक्षेप घेतील. ‘असे केले असते तर तसे झाले नसते’ असे म्हणण्यास हदीसमध्ये मनाई आहे, कारण ‘जर’ हा शब्द शैतानासाठी दार उघडतो. मग दुर्घटनेनंतर कोणाची चूक होती, काय करायला हवे होते, ही चर्चा त्याच मनाईत येत नाही का?

हदीस पूर्ण वाचली की उत्तर मिळते. त्याच हदीसमध्ये आधी सांगितले आहे की जे तुझ्या हिताचे आहे त्यासाठी झटून प्रयत्न कर, अल्लाहकडे मदत माग आणि असहाय होऊन बसू नकोस. त्यानंतर ‘जर’ची गोष्ट येते. मनाई आहे ती प्रयत्नांनंतरही जे घडले त्यावर निष्फळ कुढत बसण्याची. पुढचे घर जळू नये म्हणून मागच्या घराची राख तपासणे म्हणजे कुढणे नव्हे. तो तर हदीसमधील त्या आधीच्या वाक्याचाच अंमल आहे.

याहून स्पष्ट उदाहरण उहुदच्या युद्धाचे आहे. प्रेषितांनी (स.) पन्नास तिरंदाजांना एका टेकडीवर नेमले होते आणि काहीही झाले तरी जागा सोडू नका असे बजावले होते. विजय दिसू लागताच त्यांच्यापैकी बहुतेक जण खाली उतरले, शत्रूने पाठीमागून हल्ला केला आणि सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले. लोक विचारू लागले, हे संकट कोठून आले? सूरह आलि-इमरानमध्ये या प्रश्नाला दोन उत्तरे दिली आहेत, आणि तीही लागून आलेल्या आयतींत. एका आयतीत सांगितले की हे तुमच्या स्वतःकडून आले आहे. पुढच्याच आयतीत सांगितले की त्या दिवशी जे घडले ते अल्लाहच्या अनुमतीने घडले.

ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी आहेत. एक दुसऱ्याला खोडत नाही. अल्लाहच्या अनुमतीविना काही घडले नाही, हे खरे. आणि जागा सोडणाऱ्यांनी जागा सोडली होती, हेही खरे. आपली अडचण अशी की आपण सोयीचे तेवढेच उत्तर उचलतो. यश आले की पहिले वाक्य आपले असते, ‘हे माझ्या हाताने झाले’. अपयश आले की दुसरे वाक्य आठवते, ‘अल्लाहची मर्जी’. कुरआनची शिकवण नेमकी याच्या उलट आहे.

उहुदच्या त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, तीही विसरता कामा नये. चूक दाखवून दिल्यानंतर अल्लाहने प्रेषितांना (स.) सांगितले की त्यांना क्षमा करा, त्यांच्याशी सल्लामसलत करत राहा, आणि निर्णय घेतल्यावर अल्लाहवर भरवसा ठेवा. चूक स्पष्ट शब्दांत सांगणे आणि माणसाला चिरडून न टाकणे, ही दोन्ही कामे एकत्र होऊ शकतात. भंडाऱ्याच्या घटनेनंतर चौकशी झाली, विद्युत बिघाड हे आगीचे कारण म्हणून पुढे आले. काही अधिकारी निलंबित झाले, काही कर्मचाऱ्यांची सेवा संपवण्यात आली, पुढे दोन परिचारिकांवर गुन्हाही नोंदवला गेला. कोणाचा किती दोष हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मात्र समाज म्हणून आपण एक काळजी घेतली पाहिजे. सर्वांचा दोष उचलून साखळीतील सर्वांत शेवटच्या, सर्वांत दुबळ्या कडीच्या गळ्यात टाकणे हा न्याय नव्हे. तेही ‘अल्लाहची मर्जी’ म्हणण्यासारखेच हात झटकणे आहे, फक्त यावेळी नाव दुसऱ्याचे घेतलेले असते.

पाऊस आणि पाळ

आपला जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार ओळखून, मातीच्या पाळी बांधून येथे तलाव निर्माण केले. त्या पाण्यावर धानाची शेती उभी राहिली. मालगुजारी गेल्यानंतर हेच तलाव ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागले. अनेक तलाव गाळाने भरले, अनेक पाळी खचल्या.

लहानपणी या तलावांच्या पाळीवरून चालताना जे कळले नाही ते आता कळते. पाऊस अल्लाहच्या हातात आहे; एक थेंब अधिक किंवा उणा करण्याची शक्ती कोणात नाही. परंतु पाळ माणसाच्या हातात आहे. ज्यांनी पाळ बांधली त्यांनी पावसाच्या मालकीवर दावा केला नव्हता. त्यांनी फक्त आपल्या वाट्याचे काम केले आणि मग आभाळाकडे पाहिले. तवक्कुल म्हणजे हेच. उंट बांधावा की अल्लाहवर भरवसा ठेवावा, असे विचारणाऱ्या माणसाला प्रेषितांनी (स.) आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितले होते. पाळ फुटकी ठेवून पावसाची वाट पाहणाऱ्याला तवक्कुल करणारा म्हणत नाहीत.

शामच्या वाटेवर असताना पुढे प्लेगची साथ आहे असे कळल्यावर आदरणीय उमर (रजि.) यांनी परतण्याचा निर्णय घेतला. आदरणीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळत आहात काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे. बचावाचा उपाय हादेखील अल्लाहनेच ठरवलेला आहे. रोग ही तकदीर असेल तर औषधही तकदीरच आहे. ठिणगी ही तकदीर असेल तर ती विझवणारा हातही तकदीरच आहे. त्या रात्री धुरात शिरून सात बालकांना बाहेर काढणारे हात याच तकदीरचा भाग होते. एका जीवाला वाचवणे म्हणजे सर्व मानवजातीला वाचवणे, असे कुरआनने ज्यांच्याविषयी सांगितले आहे, ते असेच हात.

आमच्या मशिदीतील फ्यूज

आता मान का हलवली, ते सांगितले पाहिजे. तो कबुलीजबाब टाळला तर या लेखाला अर्थ उरणार नाही.

मी ज्या मशिदीत नमाज पढतो तिच्या व्यवस्थापनात माझाही थोडा वाटा आहे. मागील रमजानच्या आधीपासून मुख्य विद्युत फलकाजवळ करपट वास येत असे. सर्व पंखे, कूलर आणि वजूखान्याची मोटार एकाच वेळी सुरू झाली की फ्यूज उडायचा. बैठकीत दोनदा विषय निघाला. दोन्ही वेळा ठरले, “इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात पाहू.” ते ‘इन्शाअल्लाह’ मीच उच्चारले होते. लॉकडाऊन लागला, मशीद बंद झाली, विषय मागे पडला. मशीद पुन्हा उघडली तेव्हा आम्ही रंगरंगोटी केली, मिनारावर रोषणाईच्या माळा लावल्या, पण फलक तसाच राहिला.

त्या शनिवारी जोहरनंतर मी आमच्या मोहल्ल्यातील वायरमन भाऊंना घेऊन आलो. त्यांनी फलक उघडला आणि काही वेळ बोललेच नाहीत. मग मला जवळ बोलावून दाखवले. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी त्यात बारीक तारेऐवजी जाड तांब्याची तार घातली होती. त्यामुळे फ्यूज उडणे थांबले होते, आणि आम्हाला वाटले होते की दोष मिटला. भाऊ म्हणाले, “फ्यूज उडत होता म्हणजे तो तुमची राखण करत होता. तुम्ही राखणदारालाच बांधून ठेवलं.” अर्थिंगची तार तर कधीच तुटलेली होती.

त्या फलकाच्या भिंतीपलीकडच्या खोलीत संध्याकाळी मोहल्ल्यातील मुले कुरआन शिकायला बसतात. तेव्हा माझ्या लक्षात आले की पहाटे मी मान का हलवली होती. दोष माणसाचा आहे असे मान्य केले असते, तर ते बोट फिरून माझ्याकडेही आले असते. ‘अल्लाहची मर्जी’ या शब्दांत मला सब्र नको होता, सुटका हवी होती. आमच्या येथे आग लागली नाही, ही अल्लाहची कृपा. परंतु आमच्या आणि त्या दुर्दैवी कक्षाच्या मध्ये आमची दक्षता उभी नव्हती. उभी होती ती केवळ त्याची कृपा.

नवीन फलक, एमसीबी, अर्थिंग आणि आग विझवण्याची दोन सिलिंडरे या सर्वांना जो खर्च आला, तो मिनारावरच्या माळांपेक्षा फार अधिक नव्हता.

अमानत म्हणून बातमी

‘इन्शाअल्लाह’ हा शब्द आपण किती हलका केला आहे, याचा विचार व्हावा. सूरह अल्-कहफमध्ये तो शिकवला गेला तो उद्या काही करण्याचा निश्चय सांगताना. निश्चयासोबत जोडायचा शब्द आपण टाळाटाळीसोबत जोडला. रक्तदाबाची गोळी आठवडाभर चुकते आणि आपण म्हणतो, मृत्यू वेळेवरच येणार. महामार्गावर मुलाला हेल्मेटशिवाय गाडी देतो आणि म्हणतो, अल्लाह रखवाला आहे. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा राहतो, थंडीत बंद खोलीत शेगडी पेटती राहते, उशीखाली मोबाईल चार्जिंगला लागलेला असतो. हे सर्व आपल्या हातात दिलेले आहे. कुरआनने स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, असे बजावले आहे. स्वतःचा जीवदेखील आपली मालमत्ता नाही, तीही अमानत आहे. मग ज्यांचे जीव आपल्यावर सोपवलेले आहेत त्यांची अमानत किती मोठी!

आपल्या राज्यात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करण्याची जबाबदारी तो मालकावर किंवा वापरकर्त्यावर टाकतो. कायदा कागदावर राहिला की काय होते ते आपण पाहिले. भंडाऱ्यानंतर त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार येथे आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगर येथे रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत आगी लागून रुग्ण दगावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशी येथे पुन्हा नवजात बालकांचाच कक्ष पेटला. प्रत्येक वेळी आपण मोबाईलवर ‘इन्ना लिल्लाह’ लिहिले आणि पुढची बातमी उघडली.

प्रिय वाचक बंधू-भगिनींनो, ‘इन्ना लिल्लाह’चा अर्थ असा की आपण अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत. परतणे म्हणजे हिशेब देणे. तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याच्या राखणीविषयी त्याला विचारले जाईल, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. म्हणून कोणतीही दुःखद बातमी वाचली की दोन गोष्टी कराव्यात. ज्यांच्यावर आघात झाला त्यांच्यासाठी दुआ करावी, आणि मग मोबाईल खाली ठेवून आपल्या घरात, दुकानात, मदरशात एकदा फिरून यावे. मदीनेतील जळालेल्या घराच्या बातमीचा शेवट ज्या ठिकाणी झाला, तेथेच आपल्या बातमीचाही शेवट व्हावा.

त्या दहा बालकांच्या मातापित्यांच्या अंतःकरणाला अल्लाह शांती देवो. जे आपल्या हातात दिले आहे ते सांभाळण्याची आणि जे हातात नाही ते त्याच्यावर सोपवण्याची सद्बुद्धी तो आपणा सर्वांना देवो. आमीन.